फॅट कोण लावतं?

गेल्या रविवारी दादाचा फोन आला तेव्हा मी डायनिंग टेबलावर दोन बिलं पसरून बसले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कराडजवळ गावी असतो. दोन एकर ऊस, तीन म्हशी आणि प्रत्येक गोष्टीवर मत.

"काय करतीस?"

"सोलरचं बिल बघतेय."

"आँ? सोलर बसवलंस व्हय? गच्चीवर?"

"गच्ची कुठली दादा. भाड्याचं घर हाय."

"मग कुठं बसवलंय?"

"कार्टरेटला. एका गोदामाच्या छपरावर."

"तिथनं वायर आणली घरापातूर?"

"न्हाई."

"मग तुझ्या घरात लाइट कुठली?"

"आधीचीच. कंपनीची."

पलीकडे म्हैस हंबरली. दादा जरा थांबला आणि म्हणाला, "मग तू पैसं कशाचं देतीस गं?"

न्यू जर्सीत मला १९ वर्षं झाली. दोन दातांच्या दवाखान्यांचे हिशेब मी ठेवते, म्हणजे आकड्यांना घाबरणारी बाई नाही. पण या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही एडिसनला राहतो. हो, त्याच एडिसनच्या नावाचं गाव. मेन्लो पार्कची त्याची प्रयोगशाळा इथंच होती. आता त्या जागी एक मनोरा आहे आणि मनोऱ्याच्या डोक्यावर भलामोठा काचेचा दिवा. १९५४ पर्यंत या गावाचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी मनोरा दाखवतो आणि मग ओक ट्री रोडवर चाट खायला नेतो. दिव्याच्या गावात राहून दिव्याच्या बिलाची चिंता करायची, हा विनोद आमचे हे दर महिन्याला न चुकता करतात.

घर म्हणजे गार्डन अपार्टमेंट. दोन मजली विटांच्या इमारती, मध्ये हिरवळ. गार्डन नावापुरतं. त्या हिरवळीवर खुर्ची टाकली तरी ऑफिसातून पत्र येतं. एकदा गॅलरीत ओला टॉवेल वाळत टाकला होता, त्याचंही आलं होतं. तिथं मी छपरावर पॅनेल बसवा म्हणून कुणाला सांगणार? छप्पर मालकाचं, मीटर माझं, बिल माझं. उन्हाचा पत्ताच नाही.

आणि घर स्वतःचं असलेल्यांचं तरी काय? माझ्या एका मैत्रिणीचं घर ओकच्या तीन झाडांखाली आहे. दुपारी दोननंतर छपरावर ऊनच नाही. झाड तोडायचं तर टाउनशिपची परवानगी, आणि मुळात तोडायचं कशाला. दुसरीचं टाउनहाउस आहे, तिथं छप्पर असोसिएशनचं. इथल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं २०१५ मध्ये अंदाज काढला होता की अमेरिकेतल्या जवळजवळ निम्म्या कुटुंबांना स्वतःच्या छपरावर पॅनेल बसवणं शक्य नाही: कुणी भाडेकरू, कुणाचं छप्पर लहान, कुणाचं सामाईक. म्हणजे आम्ही काही जगावेगळे नाही.

हा प्रकार मला पहिल्यांदा कळला तो ओक ट्री रोडवर, किराणा दुकानाच्या दारात. हातात टॅब्लेट घेतलेला एक गोरागोमटा गुजराती मुलगा. "आंटी, बिजली का बिल है आपके पास?" मी म्हटलं, बाळा, वीजबिल घेऊन कोणी कोथिंबीर आणायला येत नाही. तो सोलर सोलर म्हणत मागे लागला. मी पळ काढला, कारण त्याआधी आम्ही एकदा पोळलो होतो. दारावर आलेल्या अशाच एकाला आम्ही "स्वस्त वीज" म्हणून सही देऊन बसलो होतो. पहिले तीन महिने दर कमी होता, पुढे तो आमच्याच डोक्यावर चढला. सुटका करून घ्यायला दोन महिने गेले. तेव्हापासून "आधी बिल दाखवा" म्हणणारा माणूस आमच्या घरात चोर ठरतो.

पण हे ते नव्हतं. एवढं कळायला मला एक अख्खी रात्र नियम वाचावे लागले.

थोडक्यात सांगते. राज्याच्या २०१८ च्या कायद्यानं इथल्या नियामक मंडळाला कम्युनिटी सोलरचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू करायला लावला. २०१९ मध्ये तो निघाला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये कायमचा झाला. कुणीतरी गुंतवणूकदार गोदामाच्या छपरावर, पार्किंगवरच्या मांडवावर किंवा बंद पडलेल्या कचरा डेपोवर पॅनेल टाकतो. शेतजमिनीवर नाही. ही अट मला फार आवडली. नव्या नियमांत एक प्रकल्प जास्तीत जास्त ५ मेगावॉटचा. ती वीज सरळ कंपनीच्या तारांत जाते. आणि आपल्यासारखे लोक त्यातला वाटा 'सबस्क्राइब' करतात, अट एकच, प्रकल्प आणि घर एकाच वीज कंपनीच्या हद्दीत हवं. निदान ५१ टक्के वाटा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी राखायचा. उत्पन्नाचं आता स्वतः सही करून सांगितलं तरी चालतं. मी तीनदा वाचलं. तहसील कचेरीत दाखल्यासाठी उन्हात उभं राहिलेलं माणूस असल्या ओळीवर लगेच विश्वास ठेवत नाही.

आता दादाचा प्रश्न. फोनवर मी त्याला शेवटी डेअरी सांगितली.

"दादा, सकाळी डेअरीत दूध घालतोस का न्हाई?"

"घालतो की."

"ते तुझं दूध जातं कुठं?"

"टँकरात."

"आणि सुमी पुण्याला पिशवी आणती ती तुझ्याच म्हशीची असती?"

"याड लागलंय का तुला?"

"पण तुझ्या पासबुकात तुझं लिटर लागतंय ना? तसंच हाय हे. गोदामावरच्या उन्हाचं दूध टँकरात. मी पिशवी आपली नेहमीच्या दुकानातनं आणती. पण पासबुकात माझ्या नावावर लिटर लागतंय, तेवढं माझ्या पिशवीच्या बिलातनं वजा."

"असं व्हय." मग लगेच, "आणि फॅट कोण लावतं?"

हा प्रश्न ज्याच्या घरात म्हैस आहे त्यालाच सुचतो. आमच्या भागात माणूस मोजमापावर जगतो. डेअरीत फॅट, कारखान्यावर काटा, गाळपात उतारा. वडील कारखान्याचे 'अ' वर्ग सभासद होते. ऊस तुटून गेला की ते ट्रॉलीमागून सायकलनं काट्यापर्यंत जायचे, पावती हातात पडेपर्यंत जेवायचे नाहीत. वजन दुसरा करतोय म्हटलं की आपण तिथं उभं राहायचं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलोय. आणि त्या घरातली मी, एका न पाहिलेल्या छपरावरच्या न पाहिलेल्या मीटरवर विश्वास ठेवून दर महिन्याला पैसे भरतेय.

म्हणून फोन ठेवल्यावर मी वर्षभराचे कागद काढले.

माझा वाटा ४.२ किलोवॉटचा. गोदामापाशी मीटर असतो, तो वीज कंपनी वाचते. सोलरवाले कंपनीला यादी देतात, कुणाचा किती टक्के. त्या टक्क्यानं युनिट वाटली जातात, त्याचं डॉलरमध्ये क्रेडिट होतं आणि ते माझ्या वीजबिलात एका ओळीत वजा होऊन येतं. त्या क्रेडिटच्या ८० टक्के रक्कम मी सोलरवाल्यांना देते. उरलेले २० टक्के माझा फायदा. (माझा करार जुना आहे. नव्या कार्यक्रमात सूट कमीत कमी १५ टक्के हवी असा नियम आहे.) जाहिरातीत "वीजबिलावर २० टक्के सूट" असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबवा. सूट बिलावर नसते, क्रेडिटवर असते. या दोहोंत फरक आहे, आणि तो फरक माझ्यासारख्या हिशेबवालीलाही पहिल्या महिन्यात कळला नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या नावावर ४,७४० युनिट लागली. डिसेंबरात १८६, जूनमध्ये ५४१. न्यू जर्सीच्या उन्हात एका किलोवॉटमागे वर्षाला साधारण ११०० ते १२०० युनिट पडतात, गोदामाच्या सपाट छपरावर पॅनेल जवळजवळ आडवी असतात म्हणून थोडी कमीच. ४.२ नं भागलं तर माझा आकडा ११२९ येतो. बसतो. फॅट बरोबर लागतंय, दादा.

पैशात सांगायचं तर ९६२ डॉलरचं क्रेडिट मिळालं, त्यापोटी ७७० भरले, १९२ वाचले. महिन्याला १६. आमचे हे म्हणाले, "एवढ्या वाचनानंतर एक मसाला डोसा आणि कॉफी." मी म्हटलं, बारा डोसे. आणि छपरावर न चढता.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणजे कडू गंमत. २०२५ च्या जूनमध्ये इथले वीजदर एका फटक्यात १७ ते २० टक्क्यांनी चढले. तेरा राज्यांची वीज ज्या सामाईक बाजारात ठरते, तिथं आदल्या वर्षीच्या जुलैत लिलाव झाला होता. गरज पडेल तेव्हा केंद्र तयार ठेवण्याचा भाव एका मेगावॉटला दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ वर गेला. डेटा सेंटरांची भूक, जुनी केंद्रं बंद, नवी रांगेत अडकलेली. नोव्हेंबरची गव्हर्नरची निवडणूकसुद्धा वीजबिलावरच गाजली. माझं क्रेडिट दराला बांधलेलं असल्यामुळे दर चढला तसं तेही चढलं आणि माझी सूटही थोडी वाढली. घर जळताना शेकायला मिळावं तसं. यातून बिल कमी होत नाही, फक्त वाढीचा चटका थोडा बोथट होतो. सोलर घेतलं की वीज कंपनीचं तोंड बघायला नको, असं कुणी सांगत असेल तर ते छपरावर पॅनेल आणि घरात बॅटरी ठेवणाऱ्यांपैकी असणार. आमची वीज वादळात सगळ्यांबरोबरच जाते.

आता रड.

सही केल्यावर सात महिने काहीच झालं नाही. प्रकल्प "लवकरच" जोडला जाणार होता. मग सुरू झालं, चार महिने छान चाललं, आणि आम्ही खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर आलो. त्याच इमारतीत. सोळा पायऱ्या. पण वीज कंपनीत खातं नवीन, नंबर नवीन. मी सोलरवाल्यांना ईमेल केला, त्यांनी "धन्यवाद, नोंद घेतली" असं उत्तर दिलं. पुढचे तीन महिने माझी क्रेडिट बंद झालेल्या जुन्या खात्यावर पडत राहिली, आणि त्यांचं बिल मात्र माझ्या बँकेतून न चुकता कापलं जात होतं. म्हणजे म्हैस माझी, दूध जुन्या घराच्या दारात, आणि पेंडीचे पैसे मी देतेय.

फोन केला. सोलरवाले म्हणाले, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, यादी आमची नाही, सोलरवाल्यांना विचारा. सहा फोन. एकदा ४७ मिनिटं होल्डवर असताना मी अख्ख्या आठवड्याची थालीपीठाची भाजणी भाजून घेतली. शेवटी एका कागदावर तीन रकाने आखले: महिना, मी भरलेले पैसे, मला मिळालेलं क्रेडिट (शून्य, शून्य, शून्य), आणि खाली लिहिलं की पंधरा दिवसांत निपटारा न झाल्यास नियामक मंडळाकडे तक्रार करीन. नवव्या दिवशी पैसे परत आले. तुम्ही घेणार असाल तर माझा सल्ला एवढाच: घर बदलताना नवा खाते क्रमांक लेखी कळवा, आणि पुढची दोन बिलं डोळ्यांनी बघा. दोन वेगळी बिलं येण्याचा हा घोळ कमी व्हावा म्हणून आता दोन्ही रकमा एकाच वीजबिलावर घेण्याची व्यवस्था आली आहे. माझं जुनं प्रकरण अजून दोन पाकिटांतच येतं.

पण पैशापेक्षा मला जास्त खुपतो तो शब्द. कम्युनिटी.

वडिलांच्या कारखान्याची वार्षिक सभा म्हणजे गोंधळ असायचा. मांडव, स्पीकरची किरकिर, आणि विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर". एका वर्षी वडील मधूनच उठले आणि उतारा शेजारच्या कारखान्यापेक्षा कमी का, असं विचारलं. त्यांना कुणी नीट उत्तर दिलं नाही. चहा मात्र दिला. सहकाराचं काय झालं ते आम्हाला सांगायला नको, आत राहून बघितलंय. तरी ते उठू शकत होते. सभासद होते. दिवाळीला सवलतीची साखर आणताना त्या पोत्यावरसुद्धा त्यांचा एक रुबाब असायचा.

मला या छपराची सभा नाही. शेअर नाही. मत नाही. माझ्यासारखे आणखी किती शे लोक या एका गोदामावर जगतात, ते कोण, कुठले, यातलं काही मला माहीत नाही. त्यांच्यातला एखादा आमच्याच इमारतीत राहत असेल, लाँड्रीच्या खोलीत रोज भेटत असेल. इंग्रजीत याला कम्युनिटी म्हणतात. आमच्याकडे याला गिऱ्हाईक म्हणतात.

सगळीकडे असंच आहे असं नाही. मिनियापोलिसमध्ये शिलोह टेंपल नावाच्या चर्चच्या छपरावर २०१८ मध्ये पॅनेल लागली, ती एका सहकारी संस्थेची. आजूबाजूची घरं तिची सभासद, एका सभासदाला एक मत. मला ते वाचून खरंच हेवा वाटला. त्यांच्या सभेत चहा असतो का माहीत नाही.

हे सगळं मी दादाला सांगत होते तर तो मध्येच म्हणाला, "पण मला तर शून्याचं बिल येतंय." साडेसात अश्वशक्तीच्या आत मोटार, राज्य सरकारची मोफत योजना. त्यावर मी म्हटलं, तुला दिवसा लाइट कधीपासून मिळायला लागली? आधी रात्री दोनला टॉर्च घेऊन, पायाशी काठी आपटत पाणी पाजायला जायचास. आता दिवसा मोटार चालते ती गावाबाहेरच्या माळावर सौर कृषी वाहिनीची पॅनेल लागली, ती वीज सबस्टेशनात आली, आणि तुमचा फीडर दिवसाचा झाला म्हणून. तुझ्या तरी छपरावर काय आहे?

"कडबा," दादा म्हणाला.

म्हणजे दोघंही दुसऱ्याच्या जागेवरच्या उन्हावर. कोयनेच्या उशाशी वाढलो आणि लोडशेडिंगमध्ये अभ्यास केला, तेव्हाही धरण आमचं आणि वीज कुणाची, हे कोडं होतंच.

शेवटी न राहवून मागच्या शनिवारी आम्ही कार्टरेटला गेलो. कराराच्या शेवटच्या पानावर पत्ता होता. टर्नपाईकचं एक्झिट १२, मग सगळी गोदामंच गोदामं, एकासारखं दुसरं, पांढऱ्या भिंती आणि ट्रकांच्या रांगा. आमचं सापडलं. पण खालून काही दिसेना. चाळीस फूट उंच भिंत, वर सपाट छप्पर. कडेला उतरलेल्या जाड पांढऱ्या पाइपातून केबल खाली येत होत्या, एका कुंपणात राखाडी पेट्या, आणि त्यातून बारीक गुणगुण. मी कुंपणाशी कान लावून उभी राहिले. हे गाडीतून उतरलेच नाहीत.

गार्ड आला. "डिलिव्हरी की पिकअप?"

मला काय सांगावं सुचेना. मी म्हटलं, छपरावरच्या सोलरमध्ये माझा वाटा आहे, बघायला आले. त्यानं माझ्याकडे, मग आमच्या जुन्या कॅमरीकडे, मग परत माझ्याकडे बघितलं. "मॅडम, वर सोलर आहे?"

तो तिथं तीन वर्षं नोकरीला होता.

घरी येऊन मी मोबाइलवर नकाशातला उपग्रहाचा फोटो काढला. वरून मात्र सगळं दिसतं. काळ्यानिळ्या रांगा, मध्ये चालायला वाटा, एसीच्या यंत्रांभोवती जागा सोडलेली. तो दादाला पाठवला. दहा मिनिटांनी त्याचा आवाजातला निरोप आला.

"सऱ्या झ्याक पाडल्यात गं. सरळ हायत अगदी. पण बांध कुठं दिसंना. यातलं तुझं कुठलं?"

मी हिशेब केला. ४.२ किलोवॉट, एक पॅनेल साधारण ४०० वॉटचं धरलं तर साडेदहा. तेवढंच लिहून पाठवलं: साडेदहा.

लगेच उलट निरोप. मागे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"मग त्या अर्ध्यात वाटेकरी कोण हाय, ते विचारलंस का?"